शिंगं नाहीत म्हणजे चिंकारा नव्हे

मे महिन्यात जुना मित्र बायको-मुलांसह सोलापूरला आला की तुळजापूर, अक्कलकोट ओघानं होतंच. पण मुलं बरोबर असतील तर एक पहाट नान्नजसाठी राखून ठेवावी, असं मी आग्रहानं सांगतो. बार्शी रस्त्यावर, शहरापासून वीसेक किलोमीटरवर 1979 साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं. माळढोक आता दिसणं दुर्मीळ, पण काळविटांचे कळप हमखास दिसतात. आणि तिथंच एक घोळ होतो. पुण्याकडची मुलं बारामती तालुक्यातल्या सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा, म्हणजे चणीनं लहान हरीण, पाहून आलेली असतात. नान्नजच्या माळावर फिकट तपकिरी, बिनशिंगाचं जनावर दिसलं की ओरडतात, ‘काका, चिंकारा!’

ती काळविटाची मादी असते. पाठ काळी, पोट पांढरं आणि डोक्यावर पिळाची लांब शिंगं हा थाट फक्त वयात आलेल्या नराचा. मादीला सहसा शिंगं नसतात, रंगही पिवळसर तपकिरी. चिंकाऱ्यात मात्र नर-मादी दोघांनाही शिंगं असतात. मादीची बारीक, आखूड आणि गुळगुळीत, नराची कडी-कडीची. म्हणजे बिनशिंगाचं, पूर्ण वाढलेलं जनावर दिसलं तर ते चिंकारा असण्याची शक्यता उलट कमीच.

खरी फसगत होते ती काळविटाच्या तरुण नरापाशी. अंगावर काळा रंग चढलेला नसतो आणि शिंगं नुकती फुटलेली, पहिल्या वर्षी त्यांना पीळही नसतो. लांबून पाहिलं तर हुबेहूब चिंकारा. अशा वेळी शिंगांचा नाद सोडावा आणि दुर्बिणीतून जनावराचं तोंड बघावं. चिंकाऱ्याच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून नाकपुडीकडे एक गडद पट्टा उतरतो, त्याला लागून फिकट पट्टा असतो. काजळ ओघळल्यासारखं दिसतं. काळविटाच्या चेहऱ्यावर असे पट्टे नसतात, डोळ्याभोवती पांढरं कडं असतं. मुलांना एकदा हे दाखवलं की ती पुढं आपल्यालाच सांगायला लागतात. शेपटीही बघावी: चिंकाऱ्याची काळी आणि सारखी हलणारी. चणीतही तो लहान, खांद्यापाशी साधारण 65 सेंटीमीटर. काळवीट त्याहून उंच आणि अंगानं भरलेलं.

वागणं तर अगदी वेगळं. काळवीट उघड्या माळावर कळपानं चरतं, मुख्यतः गवत खातं, आणि बिचकलं की एकामागून एक उंच उड्या सुरू होतात. सगळा कळप हवेत वर-खाली होताना पाहणं हा नान्नजचा सगळ्यात मोठा आनंद आहे! चिंकारा एकटा नाहीतर दोन-चारांच्या टोळक्यात, खुरट्या झुडपांच्या आडोशानं फिरतो. धोका वाटला तर पाय आपटतो, नाकानं शिंकल्यासारखा आवाज काढतो, थोडं पळून थांबतो आणि वळून बघतो.

उन्हाळ्यात आणखी एक फरक उपयोगी पडतो. काळविटाला पाणी लागतंच, त्यामुळे पाणवठ्यापाशी तेच जास्त दिसतं. चिंकारा पाल्यातल्या ओलाव्यावर आणि दवावर बरेच दिवस काढू शकतो.

(दोन्ही कुरंग (अँटिलोप) गटातली, चितळ-सांबरासारखी यांची शिंगं दरवर्षी गळून पडत नाहीत. मुलं हे विचारतातच.)

सूर्योदयाला माळावर पोचावं आणि नऊच्या आत परत फिरावं. त्यानंतरचं सोलापूरचं ऊन लहानांना सोसत नाही, आणि जनावरंही सावली धरतात. गाडीतून उतरून कळपामागं धावू देऊ नये. गवतात एकटं पाडस बसलेलं दिसलं तर ते टाकून दिलेलं नसतं, आईनंच लपवलेलं असतं आणि ती दूध पाजायला परत येते. त्याला हात न लावता मागं फिरावं आणि वनरक्षक भेटला तर त्याला जागा सांगावी.