लाल यादी : कुठली प्रजाती किती धोक्यात हे कसं ठरतं

लाल यादी म्हणजे जगातल्या प्राणी-वनस्पतींच्या प्रजाती नामशेष व्हायच्या किती जवळ आल्यात याची नोंद. आययूसीएन ही निसर्ग जपण्याचं काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था ती १९६४ पासून ठेवते, आत्तापर्यंत दीड लाखाहून जास्त प्रजाती तपासून झाल्यात. त्यातल्या ४५ हजाराहून जास्त धोक्यात आहेत.

वर्ग नऊ. नामशेष, जंगलातून नामशेष (म्हणजे फक्त पाळलेले किंवा लावलेले उरलेत), अतिसंकटग्रस्त, संकटग्रस्त, असुरक्षित, संकटसमीप, चिंता नसलेली, माहिती अपुरी आणि न तपासलेली. अतिसंकटग्रस्त, संकटग्रस्त आणि असुरक्षित या तिघांना मिळून 'धोक्यातल्या' म्हणतात.

आता बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, गवा असुरक्षित आहे म्हटलं तर तो पहिल्यांदा तुमच्याकडंच बघेल, कारण रात्री कळप भातात शिरला की सकाळी काय उरतंय हे त्याला माहीत आहे. त्याचं खोटं नाही आणि यादीचंही खोटं नाही. यादी एका तालुक्याची नसते, जगातले सगळे गवे मिळून हिशोब होतो, आणि व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया या बाजूला शिकारीनं आणि जंगलतोडीनं गवा फार झपाट्यानं कमी झाला. हा हिशोब दहा वर्षांचा किंवा तीन पिढ्यांचा, जो काळ जास्त असेल तो धरतात. तेवढ्यात संख्या साधारण ३० टक्के घटली तर असुरक्षित, ५० टक्के घटली तर संकटग्रस्त, ८० टक्के घटली तर अतिसंकटग्रस्त. वर्ग ठरवायच्या पाच निकषांतला हा पहिला, आणि माझ्या मते सगळ्यात समजून घेण्यासारखा हाच, कारण इथं आज किती उरलेत यापेक्षा किती वेगानं गेले ते बघतात.

गिधाडांचं उदाहरण घ्या. आपल्याच माळावर मेलेलं जनावर टाकलं की गिधाडं उतरायची, हे पन्नाशीतल्या माणसांनी स्वतः बघितलंय. १९९० च्या दशकात ती इतक्या वेगानं मेली की २००० मध्ये, अजून हजारोंनी असताना, अतिसंकटग्रस्त ठरली. कारण नंतर सापडलं, जनावरांना देत असलेलं डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध. ते अंगात असताना मेलेलं जनावर खाल्लं की गिधाडाची किडनी बंद पडायची. २००६ मध्ये भारतानं जनावरांसाठी त्याच्यावर बंदी घातली.

बाकीचे निकष थोडक्यात. दुसरा पसाऱ्याचा : प्रजाती आढळते तो सगळा प्रदेश १०० चौरस किलोमीटरपेक्षा कमी असेल तर अतिसंकटग्रस्त, ५,००० पेक्षा कमी असेल तर संकटग्रस्त, २०,००० पेक्षा कमी असेल तर असुरक्षित, पण नुसतं छोटं असून भागत नाही, तुकडे पडलेत किंवा अधिवास खराब होत चाललाय असंही दिसायला लागतं. आपल्या शेजारच्या आंबोलीतला आंबोली टोड हा बेडूक असाच इवल्या पसाऱ्यामुळं अतिसंकटग्रस्त आहे. तिसरा निकष थोडी संख्या आणि तीही घटतेय यासाठी, चौथा अगदीच थोड्या संख्येसाठी (पिल्लं घालू शकणारे ५० पेक्षा कमी उरले तर अतिसंकटग्रस्त), पाचवा गणिती मॉडेलवरून काढलेल्या नामशेष व्हायच्या शक्यतेचा. पाचातल्या एकात बसलं तरी पुरतं, आणि निरनिराळ्या निकषांनी निरनिराळे वर्ग आले तर सगळ्यात जास्त धोक्याचा वर्ग धरतात.

सगळंच मोजता येत नाही. खवले मांजर रात्री फिरतं, बिळात राहतं, त्याची गणती कोण करणार? म्हणून पकडलेला माल, चोरटा व्यापार, जंगलाची अवस्था यावरून अंदाज बांधतात आणि तो अंदाज आहे असं नोंदीत लिहितात. ते संकटग्रस्त आहे. मूल्यांकन त्या प्रजातीचे अभ्यासक करतात, दुसरे जाणकार तपासतात, आणि दहा वर्षांच्या आत परत बघायचं असा नियम आहे.

खानापूरच्या या पट्ट्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र एका वटवाघळाची आहे. भीमगड अभयारण्यातल्या, तळेवाडीकडच्या बारापेडे गुहांत रॉटनचं मोकळ्या शेपटीचं वटवाघूळ राहतं, मोठ्ठे पुढं झुकलेले कान असलेलं. १९१३ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं आणि पुढं कितीतरी वर्षं जगात ते फक्त याच गुहांत माहीत होतं, म्हणून अतिसंकटग्रस्त मानलं जायचं. मग मेघालयात आणि कंबोडियात सापडलं, आणि २००८ मध्ये वर्ग बदलून 'माहिती अपुरी' झाला. लोक हे वाचून म्हणतात, म्हणजे धोका टळला. तसं अजिबात नाही. वर्ग बदलला म्हणून गुहेतल्या वटवाघळांची संख्या वाढली असं नाही, फक्त एवढंच कळलं की त्याचा पसारा किती आणि संख्या किती हे सांगायला आपल्याकडं पुरेसा पुरावा नाही, आणि पुराव्याशिवाय वर्ग द्यायचा नाही हे शास्त्रज्ञांचं बरोबरच आहे.

लाल यादी हा कायदा नव्हे. भारतात शिकारीला शिक्षा होते ती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींप्रमाणं, त्यामुळं शेकरू लाल यादीत चिंता नसलेलं असूनही कायद्यानं पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे, आणि बारापेड्याचं हे वटवाघूळही त्याच अनुसूचीत आहे.