‘नो सिग्नल’ म्हणजे नेमकं काय बिनसलं?

लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला आणि निळ्या पडद्यावर ‘नो सिग्नल’ अशी अक्षरं उमटली की चार जण चार सल्ले देतात. गोव्यात म्हापशापासून काणकोणपर्यंत, शाळेचा हॉल असो वा देवळाचा सभामंडप, पहिला सल्ला ठरलेला: केबल काढून परत घाला. बऱ्याचदा तो लागूही पडतो. चित्र वाहून नेणाऱ्या तारा तेव्हा बहुधा ठणठणीत असतात. बिघडलेली असते ती त्याआधीची ओळखपाळख.

लॅपटॉपचं चित्र आणि आवाज प्रोजेक्टरला नेणाऱ्या एचडीएमआय केबलच्या प्लगात १९ पिना असतात. चित्र पहिल्या १२ पिनांवरून जातं. प्लग बसला की लॅपटॉप १८ क्रमांकाच्या पिनेवर ५ व्होल्ट देतो, आणि प्रोजेक्टर १९ क्रमांकाच्या पिनेवरचा विजेचा दाब वर नेऊन आपण जोडले गेल्याचं कळवतो. मग लॅपटॉप १५ आणि १६ या पिनांवरून प्रोजेक्टरमधली एक चिमुकली चिप वाचतो. तिच्यात किमान १२८ बाइट (बाइट म्हणजे ० ते २५५मधला एक आकडा) मजकूर असतो: बनवणाऱ्याचा तीन अक्षरी संकेत, निर्मितीचं वर्ष, कोणती रिझोल्युशन (आडवे-उभे किती ठिपके) चालतील. सुरुवात नेहमी सारखीच, एक शून्य, सहा वेळा २५५, पुन्हा शून्य. शेवटचा बाइट तर असा बेतलेला असतो की १२८ बाइटांच्या बेरजेला २५६ने पूर्ण भाग जावा. भाग गेला नाही, तर वाचताना काहीतरी चुकलं. ही चिप लॅपटॉपच्याच ५ व्होल्टवर चालू शकते, म्हणून प्रोजेक्टर बंद असतानाही लॅपटॉपला कधीकधी दुसरा पडदा ‘दिसतो’.

केबल काढली की १९ क्रमांकाच्या पिनेवरचा दाब पडतो, घातली की चढतो, आणि ही सगळी विचारपूस नव्यानं होते. शिवाय आपल्या खाऱ्या, दमट हवेत धातूवर पुटं चढतात. प्लग घासून आत गेला की ती थोडी खरवडली जातात. किनाऱ्याजवळच्या हॉलमध्ये पावसाळ्यानंतर हे आधी करून पाहावं, सेटिंग मागाहून.

ही चिप वाचताच आली नाही, तर लॅपटॉप बहुधा १०२४ × ७६८ सारखं बेताचं रिझोल्युशन धरतो. मग अक्षरं धूसर, आणि कधी वर्तुळ लंबगोल. व्याख्यात्याला वाटतं प्रोजेक्टर जुना झाला.

आयबीएमनं १९८७ साली आणलेला व्हीजीए, म्हणजे पडदा जोडायचा जुना प्रकार, आमच्याकडच्या अनेक हॉलमध्ये अजून भिंतीतून डोकावतो. त्यात लाल, हिरवा, निळा यांच्या स्वतंत्र तारा, आणि उजेड किती ते साधारण ०.७ व्होल्टपर्यंतच्या दाबानं ठरतं. आवाज त्यातून जातच नाही. केबल लांब आणि हलकी असेल तर अक्षरांना सावल्या येतात. एचडीएमआयचं चित्र मात्र आकड्यांत असतं: १९२० × १०८० ठिपके, प्रत्येकी २४ बिट, सेकंदाला ६० वेळा, म्हणजे जवळजवळ ३०० कोटी बिट. या आकड्यांतून पुन्हा दाब तयार करायला चिप लागते. म्हणून एचडीएमआयवरून व्हीजीएला जाणारा कन्व्हर्टर उलट्या दिशेनं चालत नाही. दुकानात हे विचारून घ्यावं.

केबल ठीक, तरी पडदा कोरा? विंडोजमध्ये विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडा.

यूएसबी-सीचं भोक सगळीकडे एकाच आकाराचं, पण प्रत्येकातून चित्र बाहेर येतंच असं नाही. काहींतून फक्त चार्जिंग आणि डेटा जातो. तिथं नेहमीचा यूएसबी-सी ते एचडीएमआय अडॅप्टर लावून उपयोग नाही, म्हणून खरेदीआधी लॅपटॉपच्या माहितीपत्रकात त्या पोर्टसमोर ‘डिस्प्लेपोर्ट’ किंवा ‘थंडरबोल्ट’ लिहिलंय का ते पाहावं.