वळणारी नजर: दोन हजार वर्षांची पार्श्वभूमी

लग्नाला पंचवीस वर्षं झालेल्या माणसाची नजर समोरून जाणाऱ्या देखण्या अनोळखी चेहऱ्यावर जाते आणि सोबतचं माणूस दुखावतं. साठी उलटलेल्याची गेली तर ‘म्हातारचळ’ म्हणून लोक मोकळे होतात. सिनेमाला किंवा मोबाइलला यासाठी बोल लावणं सोपं आहे, पण ही गोष्ट त्यांच्या कितीतरी आधीची आहे. आपल्याच मातीतल्या सर्वांत जुन्या काव्यसंग्रहात ती सापडते.

सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ महाराष्ट्री प्राकृतात आहे. तिच्या सुमारे ७०० गाथांमध्ये वाटसरू पुन्हा पुन्हा येतो. गावात सगळे एकमेकांना ओळखणारे, त्यामुळे नवा चेहरा दिसायचा तो वाटसरूचाच. एका प्रसिद्ध गाथेतला वाटसरू पाणपोईवर ओंजळीची बोटं विरळ करतो. पाणी गळत राहतं आणि त्याला नजर वर ठेवून पाणी घालणाऱ्या बाईकडे पाहत राहता येतं. पाणी घालणारीही तशीच. मुळात बारीक असलेली धार ती आणखी बारीक करत जाते. दोघं एक शब्दही बोलत नाहीत, आणि कवीही कुणाला दोष देत नाही. याच संग्रहात नवरा परगावी गेलेल्या बायका आहेत, संसारात मुरलेल्या गृहिणी आहेत. लग्न झालं म्हणजे डोळे मिटले, असं त्या समाजाने धरलेलं दिसत नाही.

कामसूत्राने तर हे सिद्धांत म्हणूनच मांडलं. पाचव्या अधिकरणात, म्हणजे विभागात, वात्स्यायन गोणिकापुत्र या आचार्याचं मत नोंदवतो: तेजस्वी पुरुष दिसला की स्त्रीला ओढ वाटते, स्त्री दिसली की पुरुषालाही वाटते, पण मागचापुढचा विचार करून माणूस पुढे जात नाही. स्त्री कशामुळे मागे फिरते, याची यादीही तिथे आहे. नवऱ्यावरचं प्रेम, मुलांची काळजी आणि वय उलटून गेल्याची जाणीव, ही त्यातली तीन कारणं. हे अधिकरण परस्त्रीला वश करण्याविषयीचं आणि पुरुषाच्या सोयीने लिहिलेलं आहे, हे विसरून चालणार नाही. तरीही वयाबद्दलचं त्याचं निरीक्षण मला फार नेमकं वाटतं. वयामुळे ओढ संपते असं ते म्हणत नाही. वयाची जाणीव माणसाला थांबवते, एवढंच म्हणतं.

ग्रीक महाकवी होमरच्या ‘इलियड’मध्ये ट्रॉयचे म्हातारे तटावर बसलेले असतात. वयामुळे लढाईतून निवृत्त झालेली ही मंडळी. जिच्यावरून हे युद्ध पेटलं ती हेलन येताना दिसते तेव्हा ते आपसांत कुजबुजतात, अशा स्त्रीसाठी दोन्ही बाजूंनी इतकी वर्षं सोसलं यात नवल नाही. आणि लगेच पुढे म्हणतात, तरीही हिने परत जावं, नाहीतर आपल्या लेकराबाळांचा घात होईल. सौंदर्य पुरतं दिसलं, मान्य केलं, आणि निर्णय वेगळा घेतला.

नजरेलाच पाप ठरवणारी परंपरा निराळी आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात वासनेने पाहणाऱ्याने मनात व्यभिचार केलाच, असं येशूचं वचन आहे. १९७६ मध्ये जिमी कार्टर यांनी एका मुलाखतीत, आपणही मनातल्या मनात असा व्यभिचार अनेकदा केला आहे, अशी कबुली दिली. ते तेव्हा अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार होते, आणि त्या वाक्यावरून केवढं तरी वादळ उठलं. आपल्याकडे तुकोबांनी ‘पराविया नारी रखुमाईसमान’ म्हटलं तेव्हा दृष्टी बदलण्याची वाट धरली. स्वतः संसारी असलेल्या माणसाने स्वतःशी केलेला तो नेम आहे.

मग म्हाताऱ्याच्या नजरेबद्दल महाराष्ट्रात इतका राग का? त्याला खरं कारण आहे. एकोणिसाव्या शतकात पिकल्या केसांचे विधुर कोवळ्या मुलींशी सर्रास लग्न करत, आणि पैसे घेऊन मुली देणारे बापही होते. देवलांचं ‘संगीत शारदा’ १८९९ मध्ये रंगभूमीवर आलं ते याच जरठ-बाला विवाहावर बोट ठेवत. मुलींच्या लग्नाचं किमान वय १४ करणारा सारडा कायदा १९२९ मध्ये झाला. म्हाताऱ्या नवरदेवाला हसायला लोक शिकले ते योग्यच झालं, कारण त्या हसण्याने मुली वाचल्या. फक्त त्या रागात एक गल्लत झाली. ज्याच्या हातात पैसा आणि सत्ता होती त्याचा अपराध, आणि बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाहणाऱ्या आजोबांचं पाहणं, दोन्ही एकाच पारड्यात गेलं.

स्त्रियांच्या वाट्याला तर पारडंच नव्हतं. ज्या दोषांसाठी बायकांना नावं ठेवता ते तुमच्यात नाहीत काय, असं बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्येच ‘स्त्रीपुरुषतुलना’त पुरुषांना रोखठोक विचारलं होतं. लैंगिक गोष्टींवर मराठीत मोकळेपणाने लिहिणारं र. धों. कर्वे यांचं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक १९२७ मध्ये निघालं. कर्व्यांवर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी कर्व्यांना २०० रुपये दंड झालाच. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेली उत्तरं, हा त्यांचा गुन्हा.

प्रयोगशाळा या विषयाकडे उशिरा वळली. मानसशास्त्रज्ञ जुडिथ लँग्लॉइस यांच्या १९८७ च्या प्रयोगात दोन-तीन महिन्यांची बाळंसुद्धा, मोठ्यांनी देखणे ठरवलेले चेहरे जास्त वेळ बघत राहिली. म्हणजे डोळ्याची ही आवड वासनेच्या कितीतरी आधीची आहे. २००१ मध्ये तरुण पुरुषांवर झालेल्या मेंदूच्या चित्रणात सुंदर स्त्रीचा चेहरा पाहताना बक्षीस मिळाल्याच्या आनंदाशी जोडलेले भाग जागे होताना दिसले. चेहरा आकर्षक आहे की नाही, हे क्षणार्धात, विचार सुरू होण्याआधीच ठरून जातं. मंगळसूत्र किंवा जन्मतारीख आठवायला तिथे वेळच नसतो.

माझ्या मते या सगळ्यातलं सर्वांत मोलाचं काम २०१८ चं आहे. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातल्या जेम्स मॅकनल्टी आणि सहकाऱ्यांनी २३३ नवविवाहित जोडप्यांचा सुमारे साडेतीन वर्षं मागोवा घेतला. आकर्षक परक्या चेहऱ्यांवरून जे लोक सेकंदाच्या काही दशांशांनी लवकर नजर काढून घेत, त्यांच्याकडून पुढे बेइमानी होण्याची शक्यता खूपच कमी निघाली. पाहिलं सगळ्यांनीच होतं, फरक पडला तो नजर किती वेळ अडकली याने. त्याआधी १९८९ मध्ये जॉन्सन आणि रुसबुल्ट यांनी दाखवलं होतं की नात्यात मनापासून गुंतलेली माणसं आकर्षक परक्यांना कमी लेखू लागतात. गोणिकापुत्राचा ‘मागचापुढचा विचार’ बराचसा नकळतच होत असावा.

उतारवयाचंही आता मोजमाप झालं आहे. २००७ मध्ये अमेरिकेत ५७ ते ८५ वयाच्या ३,००५ जणांच्या पाहणीत ७५ ते ८५ वर्षांच्या गटातलेही २६ टक्के लोक लैंगिकदृष्ट्या सक्रिय असल्याचं आढळलं. न बोलणाऱ्या आणि फक्त बघून सुखावणाऱ्यांची गणती त्यात नाही. आपल्याकडे जोडीदार गेलेल्या ज्येष्ठांना सोबत मिळावी म्हणून पुण्यात लिव्ह-इन जुळवून देणारं मंडळ निघालं, ते गेल्या दशकात. अशा ठिकाणी नाव नोंदवायला आलेल्या सत्तरीच्या बाईला कुणीतरी अजून आवडू शकतं, हे तिच्या मुलांना पटवणंच अजून सर्वांत अवघड जातं.