गट सुटला, पण विचार सुटला का?

अतिउजव्या संघटनेतून एखादा बाहेर पडला की ‘तो सुधारला’ असं म्हणून आपण मोकळे होतो. पण तेव्हा नेमकं काय सुटलेलं असतं? एक तर त्यानं तो गट, त्यांच्या बैठका, मोर्चे आणि मारामाऱ्या सोडलेल्या असतात. किंवा वंश, स्थलांतरित, ज्यू यांच्याबद्दल तो जे मानत होता, ते मानणं सोडलेलं असतं. अभ्यासक पहिल्याला डिसएंगेजमेंट म्हणतात आणि दुसऱ्याला डीरॅडिकलायझेशन. इतके जड शब्द सारखे वापरण्यापेक्षा इथे मी सरळ ‘गट सोडणं’ आणि ‘विचार सोडणं’ असंच म्हणतो.

हा फरक ठळकपणे मांडणाऱ्यांत आयरिश मानसशास्त्रज्ञ जॉन हॉर्गन यांचं नाव आधी घ्यावं लागतं. वेगवेगळ्या विचारांच्या दहशतवादी संघटनांतून बाहेर आलेल्या माणसांना ते प्रत्यक्ष भेटले. त्यातल्या बहुतेकांनी हिंसा सोडली होती, विचार मात्र सोडला नव्हता. कुणी थकलं होतं, कुणाचं नेत्यांशी बिनसलं होतं, तर कुणी तुरुंगाला कंटाळलं होतं. ‘आमचं चुकलंच’ असं म्हणणारे थोडे.

असं का होत असेल, याचं उत्तर माणूस मुळात गटात शिरतो कसा यात सापडतं. सर्वसाधारण समजूत अशी की आधी डोक्यात द्वेष भिनतो आणि मग माणूस आपल्यासारख्यांना शोधत जातो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ कॅथलीन ब्ली यांनी वंशद्वेषी गटांतल्या ३४ स्त्रियांच्या जीवनकथा ऐकून घेतल्या आणि २००२ साली पुस्तकरूपानं मांडल्या. त्यात अनेकींच्या बाबतीत क्रम उलटा निघाला. ओळखीचं कुणीतरी त्यांना तिथे घेऊन गेलं, तिथली माणसं आपलीशी वाटली आणि जहाल वंशद्वेष त्या गटात गेल्यावर शिकल्या. नॉर्वेचे तोरे ब्योर्गो यांनी नव्वदच्या दशकात स्कँडिनेव्हियातल्या अशा तरुण टोळक्यांचा अभ्यास केला. त्यांनाही मैत्रीची भूक, दुसऱ्या टोळीपासून संरक्षण, थरार, मोठ्यांना डिवचण्याची मजा अशीच कारणं दिसली. विचारसरणी अनेकदा मागाहून आली. हे सगळ्यांना लागू होत नाही. पुस्तकं वाचून, ठरवून आत शिरणारेही असतात. पण ‘वाचून बिघडला’ हे जे सोपं स्पष्टीकरण आपण देतो, ते या संशोधनापुढे फार टिकत नाही.

आता बाहेर पडण्याची कारणं बघा. ब्योर्गो यांनी त्यांचे दोन भाग केले: आतून ढकलणारी आणि बाहेरून ओढणारी. गटातली भांडणं, फितुरीचे संशय, हिंसा फारच पुढे गेल्याची जाणीव, आपली पत घसरणं ही ढकलणारी. मैत्रीण, मूल, नोकरी, ‘आता या वयात हे शोभत नाही’ अशी भावना ही ओढणारी. विश्वास उडणं हेही एक कारण आहे, पण इतर अनेक कारणांतलं एक. मैत्रीसाठी आत गेलेला मैत्री तुटल्यावर बाहेर येतो, आणि या सगळ्यात त्यानं एकदाही विचार तपासलेला नसतो.

मदत करणाऱ्यांनी हे फार लवकर ओळखलं. ब्योर्गो यांच्याच कल्पनेतून नॉर्वेत १९९७ साली, अशा गटांतून बाहेर पडू पाहणाऱ्यांना मदत करणारा ‘एक्झिट’ प्रकल्प सुरू झाला. पुढच्याच वर्षी स्वीडनमध्ये तसंच काम उभं राहिलं आणि ते सुरू करणारा स्वतः त्या चळवळीतून बाहेर पडलेला होता. जर्मनीत २००० साली एक्झिट-डॉइचलांड आली. तिच्या संस्थापकांत एक जण पोलीस खात्यातला जुना तपास अधिकारी बेर्न्ड वाग्नर आणि दुसरा एकेकाळचा निओनाझी पुढारी इंगो हासेलबाख. ही जोडी मला आजही विलक्षण वाटते.

याच संस्थेनं २०११ च्या ऑगस्टमध्ये एक नामी युक्ती केली. गेरा शहरात अतिउजव्यांचा संगीत मेळावा होता. आयोजकांना कुणा निनावी हितचिंतकाकडून २५० टी-शर्ट फुकट मिळाले. वर कवटी, झेंडे आणि त्यांच्याच पठडीतली घोषणा. पोरांनी ते आनंदानं घेतले. घरी नेऊन धुतल्यावर वरचा छाप निघून गेला आणि खालची ओळ उघडी पडली: जे तुझ्या टी-शर्टला जमलं ते तुलाही जमेल, उजव्या अतिरेकापासून दूर व्हायला आम्ही मदत करू. पुढे संस्थेचं नाव. त्या कापडावर वंशवाद का चुकीचा, हिटलरनं काय केलं, यातलं एक अक्षरही नाही. वाद घातलेला नाही, फक्त दार कुठे आहे ते सांगितलं आहे. मात्र हीच संस्था, जुन्या विचारसरणीची चिकित्सा करून ती मागे टाकल्याशिवाय बाहेर पडणं पूर्ण झालं असं मानत नाही. म्हणजे सुरुवात गट सोडण्यापासून होते, पण मुक्काम विचार सोडण्यापाशी.

आणि हा मुक्काम लांब आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ पीट सिमी, ब्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८९ माजी श्वेतवर्चस्ववाद्यांच्या दीर्घ मुलाखती घेतल्या. तो अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. ही माणसं गट सोडून बसली होती आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना जुना विचार मनापासून नकोसाही झाला होता. तरीही नको असलेले विचार अचानक डोक्यात येत, जुनं संगीत कानावर पडलं की अंगात तेच वारं शिरे, रागाच्या भरात जुनी शिवी तोंडून निसटे. संशोधकांनी याची तुलना व्यसनाशी केली. दारू सोडलेल्याला दुकानासमोरून जाताना होतं तसं काहीसं. इथे आमच्या दोन कप्प्यांनाही धक्का बसतो. विचार पटेनासा होणं वेगळं आणि तो अंगवळणी पडलेला असणं वेगळं.

उलटा प्रवासही होतो. आर. डेरेक ब्लॅक यांचे वडील डॉन ब्लॅक यांनी १९९५ साली ‘स्टॉर्मफ्रंट’ हे श्वेतराष्ट्रवादी संकेतस्थळ काढलं. त्या घरात वाढलेल्या डेरेक यांना फ्लोरिडातल्या कॉलेजात एका ज्यू सहाध्यायानं दर शुक्रवारच्या शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतिदिनाच्या, जेवणाला बोलवायला सुरुवात केली. आधी जेवणं, मग मैत्री आणि मग आकडेवारीवरचे वाद, असं दोनेक वर्षं चाललं. विचार आधी सैल झाला. जाहीर फारकत २०१३ साली पत्र लिहून झाली आणि तिची किंमत घरच्या नात्यांत मोजावी लागली. ब्योर्गो यांनी अडवणारी कारणंही नोंदवली आहेत: जुन्या साथीदारांचा सूड, जुन्या शत्रूंपुढे एकटं पडणं, आणि बाहेर जायला जागाच नसणं. त्यामुळे मनानं कधीच बाहेर पडलेला, पण शरीरानं आतच राहिलेला माणूस असू शकतो. तो पोलिसांच्या यादीत कडवा म्हणून असतो आणि मदतीची गरज त्यालाच जास्त असते.

मग मागायचं काय? माझं मत असं की सरकारनं गट आणि हिंसा सोडण्याची मागणी करावी, विचार सोडण्याची सक्ती करू नये. एक कारण साधं आहे: गट सोडल्याचं काही अंशी तपासता येतं. कुणाला भेटतो, कुठे राहतो, नवा गुन्हा दाखल झाला का, हे बघता येतं. विचार सोडल्याचा दाखला मागितला, की सुटकेसाठी हवं ते बोलणारे तयार होतात. दुसरं कारण, क्लार्क मॅकॉली आणि सोफिया मोस्कालेंको या मानसशास्त्रज्ञांनी मतांची आणि कृतीची उतरंड वेगवेगळी मांडली ती याचसाठी, की जहाल मतं बाळगणारे बहुतेक लोक कधीच हिंसा करत नाहीत. स्वयंसेवी संस्थेनं मात्र पुढे जावं. गट सोडलेला बाप तोच द्वेष मुलाला शिकवत असेल, तर पोलिसांचं काम संपलेलं असतं, संस्थेचं नाही.

अर्थात ही सगळी मांडणी सोडण्यासारखा गट आहे हे गृहीत धरते. ९ ऑक्टोबर २०१९ रोजी, योम किप्पुर या ज्यूंच्या पवित्र दिवशी, जर्मनीतल्या हाले शहरात एकानं सिनेगॉगचं, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाचं, दार फोडायचा प्रयत्न केला. दार टिकलं. मग त्यानं बाहेर रस्त्यावर एका बाईला आणि जवळच्या कबाबच्या दुकानात एका तरुणाला ठार केलं. हे सगळं तो इंटरनेटवर थेट दाखवत होता. तो कुठल्याही संघटनेचा सभासद नव्हता. आईच्या घरात राहायचा आणि तासन्‌तास संगणकापुढे असायचा. त्याच्यासारख्यासाठी गट सोडणं म्हणजे काय? ढकलायला आतली भांडणं नाहीत, फितुरीचा संशय नाही, सुडाची भीती नाही. पडद्यापलीकडचे अनोळखी लोक हाच त्याचा गट, आणि त्यांच्यातली भाषा बोलत राहणं हीच त्याची कृती. इथे दोन्ही गोष्टी एकमेकींत इतक्या मिसळतात की वेगळ्या काढणं अवघड. बाहेरून ओढणारी कारणं तेवढी शिल्लक राहतात आणि ती बहुतेक घरातच असतात. म्हणून या कामात असलेल्या संस्था आता बाहेर पडू पाहणाऱ्यांइतकाच वेळ त्यांच्या आईवडिलांनाही देतात.