बिडाचे रंधे आणि तळाचा वाद

लाकूड तासून सपाट करायचं सुताराचं हत्यार म्हणजे रंधा. फारसी ‘रंदा’ मराठीत ‘रंधा’ झाला. बेळगाव-खानापूरकडे कानडी बडिगेराच्या, म्हणजे सुताराच्या तोंडी त्यालाच ‘हत्तरी’. हत्यार मात्र फार जुनं, रोमन काळात ज्वालामुखीने गाडलेल्या पॉम्पेईच्या राखेतही सापडलेलं. पण सध्या माळ्यावरून आणि भंगारातून जे रंधे बाहेर निघतात ते बहुतेक लोखंडी, म्हणजे खरं तर बिडाचे (ओतीव लोखंडाचे), आणि त्यांची घडण अमेरिकेतली. पाचर ठोकून पातं कमीजास्त करण्याऐवजी पितळी फिरकी फिरवायची, या युक्तीचं पेटंट १८६७ चं. पुढे शेफील्डला आणि नंतर जालंधरकडेही तीच घडण उचलली गेली. जुनी फिरकी उघडताना एवढं लक्षात असू द्या, की तिचे आटे बहुधा उलटे असतात. पान्याने जोर लावून त्या मोडणारे आजही भेटतात.

सुताराच्या लेखी रंधा ‘पुन्हा चालू करणं’ असं वेगळं काम नव्हतंच. शिसमच्या रंध्याचा तळ झिजला की दुसऱ्या रंध्याने तो रंधून घ्यायचा, तोंड, म्हणजे पातं बाहेर येतं ती फट, फाकलं की पुढे तुकडा बसवायचा. प्लायवूड-सनमायका आला, विजेचा रंधा आला, आणि हातरंधे पावसाळ्यागणिक गंजत पडले. अलीकडे मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून हौशी लोक ते किलोच्या भावाने घेऊ लागले. गंज काढायला व्हिनेगर किंवा चिंचेचं पाणी चालतं, पात्याला २५ अंशांचा उतार देऊन सहाणेवर धार लावली की झालं. यावर फारसं कुणी भांडत नाही.

भांडण आहे ते तळ सपाट कसा करायचा यावरून. बेळगावात उद्यमबाग ही औद्योगिक वसाहत हाताशी, फाउंड्र्या आणि मशीन शॉप शेजारी. त्यामुळे ‘सरफेस ग्राइंडरवर (फिरत्या दगडाने धातू सपाट घासणाऱ्या यंत्रावर) एक हात मारून आण’ हा सल्ला इथे पटकन मिळतो. ऐकायला बरा वाटतो, पण त्यात गोम आहे. रंध्याचा तळ पातळ असतो. त्या यंत्राच्या मॅग्नेटिक चकवर, म्हणजे जॉब धरून ठेवणाऱ्या चुंबकी पाटावर ठेवला की चुंबक त्याला ओढून सपाट करतो, दगड त्यावरून फिरतो, आणि चुंबक सुटला की बीड पुन्हा आपल्या बाकाला जातं. शिवाय पातं आणि पातं दाबून धरणारी वरची टोपी आवळल्यावरही तळ किंचित वाकतो. म्हणून घासताना दोन्ही जागेवर बसवून, पातं मात्र आत ओढून घ्यावं लागतं. जाणकार फिटर खाली पत्र्याचे पातळ तुकडे (शिम) घालून चुंबकाची ओढ सांभाळतो, पण शंभर जॉबच्या रांगेत एका हौशी माणसाच्या रंध्यासाठी तो कशाला थांबेल?

माझा चौदा इंची जॅक रंधा असाच एका शॉपमधून आरशासारखा होऊन आला. स्टीलची पट्टी आडवी धरली तर तोंडापाशी खालून उजेड दिसे. पातं नेमकं तिथेच लाकडाला भिडतं, तिथला खळगा चालत नाही. टोक, तोंडाची पुढची कड आणि टाच एका पातळीत आल्या की काम भागतं, या तीन जागांच्या मधल्या खळग्याने काही अडत नाही.

मग जाड काचेवर ८० नंबरचा एमरी कागद चिकटवला. तळावर निळ्या मार्करने तिरक्या रेघा ओढल्या. घासण्यात दोन संध्याकाळी गेल्या. तिन्ही जागच्या रेघा पुसल्या, टाचेच्या अलीकडे नखाएवढा निळा ठिपका उरला. तो अजून आहे, आणि त्याच रंध्याने मागच्या आठवड्यात सागवानी चौकटीला हात मारला.