घोडा बिननाल करणे

नाल मारलेल्या घोड्याचे नाल काढून त्याला उघड्या खुरांनी चालण्याची सवय लावण्याची पद्धत. नाल काढण्याचे काम तासाभरात होते. सवय लागायला काही महिने, क्वचित वर्षही जाते.

नालाचा उगम वादग्रस्त आहे. इ.स.पू. चौथ्या शतकातील ग्रीक लेखक झेनोफन घोड्यांचे खूर कणखर व्हावेत म्हणून तबेल्याबाहेर मुठीत मावतील एवढे गोल गोटे पसरून त्यांवर घोडा उभा करावा, असे सांगतो. त्याला खिळ्यांचा नाल ठाऊक नसावा. रोमन काळात पायाला बांधायची लोखंडी पादत्राणे होती. खिळ्यांचा नाल प्राचीन युरोपातील केल्ट लोकांनी आणला, असे एक मत आहे. फ्रँक राजा चिल्डेरिक (मृत्यू सुमारे ४८१) याच्या १६५३ मध्ये सापडलेल्या कबरीतील लोखंडी तुकडाही नालच असल्याचे काहींनी मानले, पण तो तुकडा नालाचा होता याबद्दल शंका घेतली गेली आहे. बायझंटाइन सम्राट सहावा लिओ (कारकीर्द ८८६–९१२) याच्या युद्धविषयक ग्रंथात अर्धचंद्राकृती नाल व त्याचे खिळे यांचा उल्लेख येतो. लेखी पुराव्याची सुरुवात तेथून धरणे अधिक सुरक्षित. मराठीतील ‘नाल’ हा शब्द मूळचा अरबी, तर ‘नालबंद’ (नाल मारणारा) फारसी घडणीचा. मराठेशाहीत शिलेदाराला मोहिमेआधी मिळणाऱ्या उचलीला ‘नालबंदी’ म्हणत. त्यावरून दख्खनी घोड्यांना सरसकट नाल मारलेले असत, असे म्हणण्याचा मोह होतो. पण हा शब्द पुढे नुसत्या रकमेलाच लागू झाल्याने ते अनुमान जपून करावे.

नाल काढण्याचा आग्रह विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढला. जर्मन पशुवैद्य हिल्ट्रुड श्ट्रासर आणि रानघोड्यांच्या खुरांचे निरीक्षण करणारे अमेरिकी नालबंद जेमी जॅक्सन ही त्यातील प्रमुख नावे. वादाचा मुद्दा खुराच्या हालचालीचा; नालाने ती जखडली जाते, असा नालविरोधकांचा आक्षेप. भार पडला की खूर टाचेकडे किंचित फाकतो, उचलला की मिटतो. यावर दुमत नाही. तळाशी असलेला त्रिकोणी, रबरासारखा भाग जमिनीने वर दाबला जातो व त्यामुळे खूर फाकतो, असा एक पक्ष. वरून हाडाचा भार खाली येतो म्हणून फाकतो, असा दुसरा. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत भार असताना टाचेतील मऊ गादीत दाब वाढण्याऐवजी कमी झालेला आढळला. पहिल्या पक्षाला त्याने धक्का बसला. ‘प्रत्येक खूर म्हणजे एक हृदय’, म्हणजे फाकता-मिटता खूर रक्त वर ढकलतो, हे लोकप्रिय वचन तर अतिशयोक्तच मानले पाहिजे. शिवाय जाणता नालबंद खिळे खुराच्या पुढच्या निम्म्या भागातच मारतो, त्यामुळे टाच पुरती जखडली जात नाही.

नाल काढताना खिळ्यांची वळवलेली टोके आधी मोकळी करून एकेक खिळा उपसतात; नाल हिसकल्यास खुराच्या भिंतीचा कपचा निघतो. नंतर कानशीने काठ गोल करतात. तळवा तासू नये. त्याची जाडी हेच आता घोड्याचे संरक्षण. खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिमी. वाढतो. त्या हिशेबाने खिळ्यांची भोके खाली सरकून निघून जायला सुमारे तीन महिने, तर पुढची भिंत पूर्ण नवी व्हायला नऊ ते बारा महिने लागतात. दर चार ते सहा आठवड्यांनी कानस फिरवतात. चालवायचे ते आधी मातीवर, मग कठीण सपाट रस्त्यावर आणि शेवटी खडीवर. घोडा आखूड पावले टाकू लागला किंवा रस्त्याची कड धरू लागला, तर मागे यावे. खुरबूट (खुरावर चढवायचे काढघाल बूट) घालूनही काम भागते. खूर गरम लागला व त्याच्या वरची नाडी जोराने उडू लागली, तर पशुवैद्याला बोलवावे. त्यामागे बहुधा खुरातील पडद्यांचा दाह (लॅमिनायटिस) असतो. जास्त धान्य व गूळ खाणाऱ्या घोड्यात तो बळावतो. म्हणून खुराची निम्मी तयारी गव्हाणीत होते. कानशीवर भर देणारे हे विसरतात.

नाशिक जिल्ह्यात जमीन आणि पाऊस यांत मोठा फरक आहे. इगतपुरी–त्र्यंबक पट्ट्यात पावसाळ्यात खूर भिजून मऊ होतात, काठ तुटतात, तळाच्या खोबणीत दुर्गंधी येऊन सड लागते. घोडेबाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या येवल्याकडे हवा कोरडी. तेथे उन्हाळ्यात खुरांना चिरा पडतात. त्यामुळे पाऊस सरल्यानंतरचे कार्तिक–मार्गशीर्ष हे दिवस नाल काढण्यास सोयीचे. द्राक्षबागांमधल्या मातीच्या वाटा सरावाला चांगल्या. घाटवाटांवरचे बेसाल्टचे धोंडे व रस्त्याकडेची खडी नव्या तळव्याला सोसत नाही. गुळगुळीत डांबर पायाला बोचत नाही, पण खूर झिजवते. दिवसभर डांबरावर टांगा ओढणाऱ्या घोड्याची झीज वाढीच्या पुढे जाते. वरातीच्या घोड्याचे काम थोड्या अंतराचे असते, पण धान्यगुळाचा खुराक आणि दिवसचे दिवस एका जागी बांधून ठेवणे यामुळे त्याचे खूर सावकाश घट्ट होतात. बैलाच्या पत्रीला (बैलाच्या खुराला मारायच्या लोखंडी पट्टीला) हे नियम जसेच्या तसे लावता येत नाहीत. दुभंगलेल्या खुराची रचना वेगळी असते.