महामार्गांवरचे इतिहासफलक : कोणी लावले, कोणासाठी लावले

अमेरिकेत महामार्गांच्या कडेला, खांबांवर बसवलेले आणि उठावाची अक्षरे असलेले धातूचे फलक ठिकठिकाणी आढळतात. इथे अमुक लढाई झाली, इथे तमुक सेनानीचे घर होते, इथे गावातली पहिली शाळा भरत असे, अशी चार-सहा वाक्यांची माहिती त्यांवर असते. खाली लेखकाचे नाव नसते, वर बहुधा राज्याचे बोधचिन्ह असते, त्यामुळे तो मजकूर जणू सर्वमान्य इतिहासच वाटतो. मात्र हे फलक कोणत्या काळात आणि कोणाच्या पैशाने उभे राहिले, हे पाहिल्याशिवाय त्यांचा अर्थ पुरता लागत नाही.

या फलकांचा प्रसार मोटारीबरोबर झाला. १९०८ ते १९२७ या काळात फोर्डच्या 'मॉडेल टी'च्या दीड कोटींहून अधिक गाड्या तयार झाल्या, १९१६ च्या कायद्याने रस्तेबांधणीला केंद्र सरकारचा पैसा मिळू लागला आणि १९२६ मध्ये महामार्गांना देशभर क्रमांक देण्यात आले. त्याच वर्षी, स्वातंत्र्ययुद्धाला दीडशे वर्षे झाल्याचे निमित्त साधून, न्यू यॉर्क राज्याने फलक लावण्याची योजना हाती घेतली. व्हर्जिनियाने १९२७ मध्ये रिचमंड ते माउंट व्हर्नन या पट्ट्यात, महामार्ग क्रमांक १ वर आपले पहिले फलक उभारले. व्हर्जिनियात हे काम नैसर्गिक साधनसंपत्तीचे जतन आणि विकास पाहणाऱ्या राज्य आयोगाकडे होते, म्हणजे इतिहासाच्या आस्थेइतकाच मोटारीने येणाऱ्या पर्यटकाचाही विचार त्यामागे होता. तिथल्या प्रत्येक फलकावर अक्षर आणि आकडा असा संकेत असे. अक्षरावरून रस्ता कळे आणि आकड्यावरून त्या रस्त्यावरचा फलक.

फलक घडवण्याची रीत पाहिली की मजकूर इतका आटोपशीर का, हेही उमगते. ओहायोतल्या मॅरिएटा गावी १९२७ पासून फलक ओतणारा एक कारखाना आहे. तिथे सुटी अक्षरे पाटावर एकेक करून मांडतात, त्या पाटाचा ठसा वाळूत उमटवतात, त्यात वितळलेले ॲल्युमिनियम ओततात आणि थंड झालेल्या पत्र्यावरची अक्षरे मग रंगवतात. जागा मोजकी असल्यामुळे साधारण शंभरएक शब्दांत सगळे बसवावे लागते. 'असे सांगतात', 'याविषयी मतभेद आहेत' अशा शब्दांना तिथे सहसा वाव मिळत नाही, आणि एकदा ओतलेले वाक्य पिढ्यान्‌पिढ्या तसेच राहते.

खर्चाचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे, असे मला वाटते. अनेक राज्यांत फलकाचा खर्च अर्जदारालाच करावा लागतो. साहजिकच ज्यांच्याकडे पैसा, सवड आणि संघटना होती त्यांच्याच आठवणी रस्त्यावर आल्या. १८९४ मध्ये स्थापन झालेल्या 'युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी' या संस्थेने (कॉन्फेडरसी म्हणजे गुलामगिरी टिकवण्यासाठी अमेरिकेतून फुटून यादवी युद्ध लढलेली दक्षिणेकडची राज्ये) १९१३ पासून कॉन्फेडरसीचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांच्या नावाच्या महामार्गाचा पुरस्कार केला आणि त्यावर दगडी स्मृतिचिन्हे बसवली. गुलामगिरीत राबलेल्यांच्या वंशजांपाशी असे बळ नव्हते. मूळ रहिवासी जमाती तर जुन्या फलकांवर बऱ्याचदा केवळ हल्लेखोर म्हणून येतात.

टेक्ससने ही उणीव भरून काढण्यासाठी अर्जशुल्काच्या रकमेतून दुर्लक्षित विषयांवरचे फलक लावायला सुरुवात केली. तरीही वाट सोपी नव्हती. २८ जानेवारी १९१८ रोजी पोर्वेनिर इथे मेक्सिकन वंशाच्या १५ पुरुषांची आणि मुलांची हत्या झाली, आणि मारणाऱ्यांत टेक्सस रेंजर्स, म्हणजे राज्याच्याच पोलीस दलाचे लोक होते. तिच्या स्मरणार्थ फलक लावायचे ठरले, तेव्हा स्थानिक हरकतींमुळे काम काही काळ अडले आणि अखेर २०१८ मध्ये, घटनेला शंभर वर्षे झाल्यावर, तो उभा राहिला.

मिसिसिपीत याहून वाईट घडले. १९५५ मध्ये एमेट टिल या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा खून झाला आणि खटल्यात सर्व गोऱ्या ज्यूरीने आरोपींना निर्दोष सोडले. टॅलाहॅची नदीतून त्याचा मृतदेह जिथे काढला असे मानतात, तिथे २००८ मध्ये लावलेला फलक कोणीतरी उखडून नदीत फेकला. दुसऱ्यावर गोळ्यांच्या ३१७ खुणा झाल्या. २०१८ मध्ये लावलेल्या तिसऱ्यावर ३५ दिवसांत गोळ्या झाडल्या गेल्या. २०१९ मध्ये बसवलेला चौथा फलक गोळी न भेदू शकणाऱ्या पोलादाचा असून त्याचे वजन २२५ किलोच्या आसपास आहे. ३१७ खुणांचा तो दुसरा फलक २०२१ मध्ये वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अमेरिकी इतिहास संग्रहालयात प्रदर्शनात मांडण्यात आला.